कोपऱ्यातला चौकोन

शिळफाट्यावरून एस.टी. सुटली, खिडकीतून भस्सकन वारा आत आला आणि पुढच्या बाकावरच्या माणसाच्या हातातला कागद उडून थेट विशाखाच्या मांडीवर येऊन पडला. दुसरी कुणी असती तर तिनं तो गुपचूप परत केला असता. पण दिसेल त्यात डोकावायची विशाखाला जन्माची खोड! कागद चौकटीचा होता आणि त्यावर पेन्सिलीनं कसेबसे ओढलेले चौकोन होते.

“कुणाचं शेत हाय हे?” तिनं विचारलं. “बांध लई वाकडे घातलेत.”

मागे वळलेला तरुण आधी गोरामोरा झाला, मग हसला. “शेत नाही... कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय दिसायला हवं, त्याचं चित्र आहे.”

“आन् ह्या चौकोनांचं काय होतं?”

“एखाद्यावर जाऊन कळ दाबली, की दार उघडावं तसं पुढचं पान उघडतं.”

“खरंच?” विशाखाचे डोळे एवढाले झाले. तिला आणखी शंभर प्रश्न विचारायचे होते, पण कुंभिवली आली. ती उतरली, तोही उतरला. ती कारखान्याच्या फाटकाकडे वळली — तोही त्याच फाटकाकडे! आता मात्र दोघांनाही हसू आवरेना.

ते साल अठ्ठ्याऐंशी. त्या पंपांच्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि त्याच्यासाठी मुंबईच्या ऑफिसातून आला होता हा दिगंबर भोईर. मूळचा कर्जतकडचाच, शेतकऱ्याच्या घरातला. विशाखा तिथंच ड्रॉइंगच्या खोलीत ट्रेसर होती. इंजिनिअरांची कच्ची चित्रं शाईनं पक्की करायची. तिचे बाबा धर्माजी शिळफाट्यावर दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर रंगवत. हात त्यांचाच आला होता पोरीला.

दिगंबरला स्टोअरचा प्रोग्रॅम करायचा होता. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, किती उरले, कुणी नेले, सगळं पडद्यावर दिसायला हवं. पण मोठ्या साहेबांची अट होती. स्टोअरच्या कोंडाजीमामांना कुणी न शिकवता तो चालवता आला, तर कॉम्प्युटर इथं राहील आणि दिगंबरही. नाही आला, तर दोघंही मुंबईला परत.

दिगंबरनं केलेला पहिला पडदा बघून मामांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “ह्या मुंग्या कुणी सोडल्या रं?”

झालं! मॅनेजरांनी फर्मान काढलं, चित्र विशाखानं काढायचं, चालतं करायचं दिगंबरनं.

पहिल्याच दिवशी दिगंबरनं तिच्या चित्रातली एक रेघ गाळली, तर विशाखानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं. “आमच्या खोलीचा कायदा हाय, भोईरसाहेब. चित्रात हाय ते वस्तूत पायजे. चित्रात नाय ते वस्तूत नको.”

“चुकलो,” दिगंबरनं कान पकडले. “पुन्हा नाही गाळणार.”

मग रोज दुपारी डबा संपला की ती त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसू लागली. मोठ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटत आणि विशाखा गाल हातावर टेकून बघत राही. कधी अक्षरांकडे... कधी अक्षरं लिहिणाऱ्या बोटांकडे.

“पण चौकोनात जीव येतो कुठनं?” एकदा तिनं विचारलंच.

“हे बघा. कागदावरचं एक घर म्हणजे पडद्यावरचं एक अक्षर. तुमचा चौकोन पाचव्या ओळीत, विसाव्या घरात सुरू होतो, एवढं त्याला लिहून सांगायचं. मग कळ दाबल्यावर काय घडावं, तेही लिहायचं.”

“आन् नाय लिहिलं तर?”

“तर काहीच घडत नाही. नुसतं समोर बसून राहतं.”

“काही माणसं असतात तशी,” विशाखा म्हणाली आणि घाईघाईनं डबा धुवायला निघून गेली. दिगंबरचे कान लाल झाले. त्या दुपारी त्यानं एकच ओळ चारदा लिहून चारदा पुसली.

त्याचं जाणं म्हणजे आता विशाखाला नुसतं कॉम्प्युटरचं जाणं वाटत नव्हतं. तिला तो आवडायला लागला होता. अगदी मनापासून. त्यामुळे शेवटचा पडदा काढताना ती प्रत्येक रेघ पुन्हा पुन्हा तपासत बसली, आणि तेवढ्यात एस.टी.ची वेळ झाली. ट्रेसरची एक सवय असते. शाई नीट येते का, ते आधी कागदाच्या कोपऱ्यात पेन फिरवून बघायचं आणि शेवटी तेवढी कड ब्लेडनं कापून टाकायची. त्या संध्याकाळी विशाखानं कोपऱ्यात एक चौकोन काढला, त्यात तेरड्याचं फूल काढलं... आणि कड कापायची विसरून ती धावत सुटली.

दिगंबरनं रात्री बसून तो पडदा चालता केला, आणि दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मोठे साहेब आले. कोंडाजीमामा खुर्चीत असे बसले, जणू खुर्चीच चावणार आहे. पण पडदा उजळला आणि त्यांचा चेहरा खुलला. “हां! ही माजी फळी. हे बोल्ट.” बाणाची बटणं दाबत मामा ह्या चौकोनातून त्या चौकोनात निघाले. बेरिंग सापडलं, वॉशर सापडले. साहेबांनी मान डोलावली. विशाखानं अडवून धरलेला श्वास सोडला — आणि तेवढ्यात तिला कोपरा दिसला.

पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन होता. चौकोनात फुल्या आणि तिरक्या रेघा जोडून केलेलं तेरड्याचं फूल!

“ह्ये काय हाय?” म्हणत मामांनी बाण तिकडे नेला आणि कळ दाबली.

सगळा पडदा कोरा झाला. मधोमध, इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली. मॅनेजरांनी ती मोठ्यानं वाचली. “या चौकोनात काय घडावं, हे चित्रात सांगितलेलं नाही. सांगाल का?”

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. “भोईर, हा काय पोरखेळ?”

दिगंबरनं तोंड उघडलं, पण विशाखाच आधी बोलली. “चूक माझी आहे साहेब. पेन बघायला काढलं होतं ते... कड कापायची राहिली.” तिला रडू फुटायचंच बाकी होतं. आता कॉम्प्युटर जाणार, आणि तोही जाणार!

“पर साहेब, माजं ऐका,” कोंडाजीमामा खुर्चीतूनच म्हणाले. “ह्याला ठावं नव्हतं, तर ह्यानं इचारलं. आमच्या स्टोअरातली मानसं न इचारता भलतंच सामान देऊन मोकळी व्हत्यात. मला ह्ये मशीन पसंत हाय. ऱ्हाऊ द्या हितंच.”

आधी मॅनेजर हसले, मग साहेबांनाही हसू आलं. “ते फूल काढून टाका,” उठता उठता ते म्हणाले. “आणि भोईर, कुंभिवलीत खोली बघा.”

सगळे जेवायला गेले. खोलीत दोघंच उरले. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“तुमाला कळलं नव्हतं, ते पेन बघायला काढलंय म्हणून?” विशाखानं विचारलं. आवाज चढवायचा होता, पण तो काही चढेना.

“कळलं होतं. तुमच्या सगळ्या कागदांच्या कडा कापलेल्या असतात.”

“मग?”

“चित्रात होतं ना... कायदा तुमचाच.” त्यानं पडद्यावरच्या ओळीकडे बोट केलं. “आणि खरं सांगू? मला ते फूल गाळवेना, विशाखा. मामा तिथं जातील असं वाटलंच नव्हतं. तो प्रश्न तुझ्यासाठी होता.”

‘तुम्ही’ गेलं होतं, ‘तू’ आलं होतं. विशाखानं चौकटीचा नवा कागद ओढला, पेन शाईत बुडवलं आणि ती सरळ, सुरेख रेघा मारायला लागली. दिगंबर वाकून बघत राहिला. छप्पर झालं, ओटा झाला, दार झालं.

“हे आमचं घर. कडावला, बौद्धवाड्यात.” एवढं बोलून तिनं मान वर केली आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं.

त्यानं नजर हलवली नाही. “माहीत आहे. जायचा रस्ता कधीच विचारून ठेवलाय.”

विशाखाला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिनं दारावर पेनाचं टोक ठेवलं. “हे वाजवलं की बाबा बाहेर येतात. पुढं त्यांच्याशी काय बोलायचं, ते काय चित्रात दाखवता येत नाय.”

“ते मी लिहायचं.”

“रविवारपातूर होईल लिहून?”

“आजच बसतो. पण...” दिगंबर घुटमळला. “ऐन वेळी अडलो तर?”

“अडलास तर इचारायचं,” विशाखा म्हणाली. “मी दारामागंच उभी असेन.”