वरच्या मजल्यावरचे स्फटिक

सकाळी साडेनऊला डॉ. मृदुला केळुसकरांनी काचेची तबकडी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पुन्हा तेच. एकही छिद्र नसलेले घट्ट स्फटिक. अकरा महिने हा पदार्थ त्यांच्या हातून दगडच होत होता.

वरच्या मजल्यावर इंद्रजित भोपळे मात्र त्याच रसायनांतून सच्छिद्र स्फटिक काढत होता. कोरड्या हवेतलं पाणी शोषणारे आणि ऊन लागलं की परत देणारे. हा त्यांचाच विद्यार्थी. पिपेट कशी धरायची तेसुद्धा त्यांनीच शिकवलेलं. कच्छच्या रणात हवेतून पाणी काढणारं केंद्र उभं राहत होतं आणि त्याचा प्रमुख कोण, हे समिती सोमवारी ठरवणार होती. मृदुलाताईंचा नुसता जळफळाट होत होता. कँटीनमध्ये त्याचं कौतुक ऐकलं की घास घशाखाली उतरत नसे. त्यात हा वर्षभर त्यांच्या मजल्यावर फिरकलाही नव्हता. शिष्ट मेला.

त्याने कृतीतली एखादी पायरी दडवलीय, याची त्यांना खात्री होती. मंगळवारी सगळे जेवायला गेल्यावर त्या अंगावरच्या ॲप्रनसकट वर गेल्या आणि त्याची वही चाळली. ग्रॅमचा फरक नाही, मिनिटाचा नाही. गेल्या तशाच चिडून खाली आल्या.

शनिवारी इंद्रजित त्यांच्या दारात येऊन उभा राहिला.

“ताई, माझेही आता घट्टच यायला लागलेत.”

ताईंना बरं वाटलं. खोटं कशाला, चांगलंच बरं वाटलं.

“बीजस्फटिक,” तो म्हणाला. “घट्ट रूप जास्त स्थिर. त्याचा न दिसणारा कण कपड्यांवरून आला, तरी सगळं द्रावण त्याचाच कित्ता गिरवतं. मग त्या खोलीत सच्छिद्र रूप पुन्हा येत नाही. तुमच्याकडे ते बीज केव्हाच पडलंय. म्हणून तर मी खाली येत नव्हतो.”

बीजाची गोष्ट ताईंना ठाऊक नव्हती असं नाही. पण ती दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत घडते, अशी त्यांची समजूत होती.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तीन मेल केले, ताई. तुम्ही माझे मेल उघडतच नाही.”

ताईंनी मेल उघडून पाहिले. तिन्ही न वाचलेले तिथेच होते.

“मी समितीला कळवलंय, कच्छला आपल्यापैकी कुणालाच पाठवू नका. आपण जाऊ तिथे दगडच होणार. नशीब, बीजासाठी चांगल्या स्फटिकांची पेटी बुधवारीच तिकडे रवाना केली. माझ्याकडे बिघडायच्या आधी.”

ताईंनी दिवस मोजले. मंगळवार, मग बुधवार. खरं सांगितलं तर उरलीसुरली अब्रूही जाणार होती.

“इंद्रजित, मी मंगळवारी वर आले होते,” त्या म्हणाल्या. “तुझी वही बघायला.”

त्याची नजर त्यांच्या ॲप्रनवर गेली. मग ताईंनीच कच्छला फोन लावला.

“ती पेटी उघडू नका.”

“उघडली की, मॅडम,” तिकडचा माणूस खुशीत म्हणाला. “पहिले स्फटिक आत्ताच निघाले. हिऱ्यासारखे टणक आहेत.”