फुसका बार

हार्लन फेल्प्सचं विमान एकतीस वर्षांनी दिसलं होतं! अलास्काच्या उत्तरेकडच्या डोंगरांत दरड कोसळून एक उतार उघडा पडला आणि वरून जाणाऱ्या वैमानिकाला तिथे लाल शेपटी चमकताना दिसली. तिथवर पोचायचं आणि आत हार्लनचं जे काही उरलं असेल ते घरी आणायचं, एवढ्यासाठी तिघं निघाले होते. हार्लनची मुलगी लेनोरा, तिचा धाकटा भाऊ ग्रेडी आणि हार्लनचा जुना भागीदार एल्विन थॉर्स्बी.

एल्विन सत्तरीचा होता. गुडघे कुरकुरत होते, पण त्याला घरी बसा म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिवाय अस्वलांसाठी बरोबर घेतलेलं रिव्हॉल्व्हर त्याचं होतं आणि काडतुसंही त्यानेच भरलेली होती. वापरलेल्या पितळी पुंगळ्या घासूनपुसून घ्यायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मापाची दारू ओतायची आणि वर शिशाची जड गोळी दाबायची. चाळीस वर्षं तो घरच्या बाकावर हेच करत आला होता.

"दुकानातली काडतुसं म्हणजे डब्यातलं सूप. पोट भरतं, पण कुणी केलंय ते कळत नाही," तो म्हणायचा.

पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने त्यांना तळ्यावर सोडलं आणि सहाव्या दिवशी परत येतो म्हणून वैमानिक गेला. तेव्हापासून एल्विनच्या जिवाला स्वस्थता नव्हती. घरून निघताना चूल तशीच जळत राहिली की काय, असं काहीतरी सारखं टोचत होतं. काय ते मात्र आठवत नव्हतं.

"अंकल, तुम्ही दर दहा पावलांना मागे काय बघताय? कुणाचं कर्ज बुडवून आलात का?" ग्रेडीने विचारलं.

"पुढे बघून चाल. तुझा बापही असाच बडबडत चालायचा."

दुसऱ्या दिवशी नदीने हिसका दाखवला. बर्फ वितळून आलेलं करडं पाणी मांड्यांपर्यंत चढलं आणि मधोमध एल्विनचा पाय गोट्यावरून घसरला! लेनोराने त्याच्या पिशवीचा पट्टा पकडला, ग्रेडीने लेनोराला धरलं आणि तिघं कसेबसे काठाला लागले. पण अर्धी शिदोरी वाहून गेली, आणि अस्वलाला पळवायच्या मिरचीच्या फवाऱ्याच्या दोन नळकांड्यांपैकी एक गेलं. रिव्हॉल्व्हर ग्रेडीच्या छातीवर होतं, म्हणून तेवढं वाचलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते खोऱ्याच्या माथ्याशी आले. विलोची झुडपं डोक्याच्याही वर गेली होती, खाली सडक्या पानांचा चिखल होता आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. अचानक झुडपं संपली. समोर ओढा, ओढ्यापलीकडे दरड, आणि दरडीच्या पोटातून बाहेर आलेली ती लाल शेपटी! दुर्बिणीतून तिच्यावरचे आकडेसुद्धा वाचता येत होते.

लेनोरा एक एक आकडा मोठ्याने वाचत गेली. शेवटचा आकडाही जुळला तेव्हा तिने दुर्बीण खाली घेतली.

"चारशे पावलंही नसतील," ग्रेडी म्हणाला आणि ओढ्यात उतरला.

एल्विन मात्र वर बघत होता. शेपटीपाशी डोमकावळे घिरट्या घालत होते. खाली मातीचा ताजा ढीग होता आणि ढिगातून मूस हरणाचं एक शिंग बाहेर डोकावत होतं.

"ग्रेडी, मागे ये! अस्वलानं शिकार पुरून ठेवलीय!"

उशीर झाला होता. ढिगामागची तपकिरी पाठ उठली. अस्वलाने कान पाडले आणि ते सरळ खाली सुटलं. धोंडे उडाले. पाणी उसळलं. साठ पावलं. चाळीस. ग्रेडीने रिव्हॉल्व्हर उपसलं आणि चाप ओढला.

फट्!

बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला. ना धक्का, ना जाळ. ग्रेडीने अंगठ्याने घोडा पुन्हा मागे खेचला.

त्याच क्षणी एल्विनला सगळं आठवलं.

"थांब! चाप ओढू नकोस!" तो ओरडला, पाण्यात झेपावला आणि काठीने त्याने ग्रेडीच्या मनगटावर सणसणीत फटका मारला. रिव्हॉल्व्हर गोट्यांवर पडलं.

"वेड लागलं का तुम्हाला?"

वीस पावलं! लेनोरा दोघांच्या पुढे आली. तिने नळकांडं दोन्ही हातांत धरलं आणि दाबलं. नारिंगी ढग समोर पसरला. अस्वल त्यात शिरलं, शिंकलं, नाक गोट्यांवर घासत गरकन वळलं आणि ओढ्यापलीकडे जाऊन फुसफुसत उभं राहिलं.

"पळू नका," लेनोरा दबक्या आवाजात म्हणाली. "मागे मागे चला."

अर्ध्या तासाने उघड्या टेकाडावर बसून एल्विनने उचलून आणलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा जपून उतरवला, चक्र उघडलं आणि काडतुसं काढून घेतली. नळीतून पलीकडचा उजेड दिसत नव्हता. गोळी मध्येच अडकली होती.

"पुंगळीत दारूच नव्हती," तो म्हणाला. "नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत सरकली. तिच्यामागे दुसरी झाडली असतीस तर नळी तुझ्या तोंडावर फुटली असती."

"मग ठोकून काढू ती! पाच उरलीत, डब्यात अजून आहेत. एकतीस वर्षं, अंकल! आता चारशे पावलांवरून मागे फिरायचं?"

एल्विनने हात चोळले.

"मी काडतुसं भरत होतो तेव्हाच फोन आला. लेनोराचा. बाबांचं विमान सापडलं म्हणाली. मी दारू ओतणाऱ्या यंत्राचा दांडा तसाच अर्ध्यावर सोडून उठलो. परत आलो तेव्हा डोळे भरलेले होते. कुठल्या पुंगळीत दारू पडलीय ते बघितलंच नाही, नुसता दांडा ओढत गेलो. एक रिकामी राहिली म्हणजे दुसऱ्या एखादीत दुप्पट पडली असेल. कुठल्या, ते मलाही ठाऊक नाही, आणि ती झाडली तर रिव्हॉल्व्हरच हातात फुटेल."

ग्रेडीने तोंड फिरवलं. लेनोराने दुर्बीण उचलली आणि बराच वेळ डोळ्यांना लावून ठेवली. अस्वल ढिगावर आडवं झालं होतं. नळकांड्यात फवारा जेमतेम उरला होता.

"बाबा कुठे आहेत ते कळलं," शेवटी ती म्हणाली. "ते कुठे जात नाहीत. चला."

परतीच्या वाटेवर ग्रेडी एल्विनशी एक शब्द बोलला नाही. पण नदी आली तेव्हा त्याने म्हाताऱ्याचा पट्टा स्वतःच्या मुठीत घेतला आणि पैलतीर येईपर्यंत सोडला नाही. सहाव्या दिवशी विमान वेळेवर आलं.

घरी पोचल्यावर चार दिवसांनी ग्रेडी एल्विनच्या दारात उभा राहिला. "ती काडतुसं कुठायत?"

दोघं बाकाशी बसले. पोकळ हातोडीत एकेक काडतूस बसवायचं, ठोकून गोळी सुटी करायची आणि दारू काट्यावर तोलायची. रिव्हॉल्व्हरमधली पाच वेगळी ठेवली होती. पहिलं ठीक निघालं. दुसरंही ठीक. तिसऱ्यातली दारू पडतच राहिली. कागदावर ढीग झाला आणि काटा मापाच्या दुपटीवर जाऊन थांबला.

ग्रेडी त्या ढिगाकडे बघत राहिला.

"बाबांच्या मागोमाग त्याच डोंगरातून आईला दुसऱ्यांदा मरणाचा निरोप गेला असता," तो म्हणाला.

एल्विनने दारू डबीत ओतून कागद पुन्हा मांडला. ग्रेडीने हात लांब करून पुढचं काडतूस घेतलं आणि हातोडीत बसवलं.

"कागद नीट धरा, अंकल. अजून पुष्कळ उरलीत."