चिमणीसाठी निवडलेलं गाणं

टक्…

गॅसवरच्या पातेल्याचं झाकण हललं, आणि वन्सं खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

पाळण्यात माझं बाळ झोपलं होतं. दिवाणावर वन्संची चार वर्षांची लेक. म्हणून त्या अगदी हळू बोलत होत्या. जे ऐकलं तेच लिहितेय, पदरचा एक शब्द नाही. भर दुपारची गोष्ट आहे, कालचीच.

वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. आठवडाभर लोकांना "आ करा" म्हणायचं आणि रविवारी दुपारी कंपाउंडर बंड्याबरोबर स्वतः आ करायचा! कराओकेची भाड्याची खोली. जाड दार, भिंतींना फोम, दोन माइक. गाणी फक्त जपानी रॉक. अर्थ दोघांनाही कळत नव्हता. बोंबलायला अर्थ कशाला लागतो?

त्यांचा एक नियम होता. आपलं गाणं आपण निवडायचं नाही, दुसऱ्याने निवडायचं. आणि मिळालेलं गाणं शेवटपर्यंत म्हणायचं.

गेल्या महिन्यात दवाखान्यातली नवी मुलगी सोबत आली. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिला दमा होता.

वन्संनी तिच्यासाठी मुद्दाम असं गाणं निवडलं, ज्यात श्वास घ्यायला जागाच नाही.

"ताई, दुसरं द्या ना. माझा दम नाही पुरायचा."

"ताई-बिई काही नाही. नियम म्हणजे नियम."

"चिमणे, निदान चिवचिव तरी कर!" बंड्या खिदळला.

तिने पर्समधून दम्याचा पंप काढला. वन्संनी तो हिसकावून घेतला.

"गाणं संपलं की मिळेल."

चिमणी गायली. आणि काय गायली! दोघांची दातखीळच बसली.

मग…

आवाज बारीक होत गेला.

मग नुसती शीळ. छातीतली.

"नाटकं बघा हिची," बंड्या म्हणाला.

ती खाली कोसळली तरी पडद्यावर अक्षरं पळतच होती. पंप वन्संच्या मुठीत होता.

इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दम्याने गेली बिचारी, असं सगळे म्हणाले. पंपाचं कोणी विचारलं नाही. या दोघांनी सांगितलं नाही.

परवा रविवारी दोघं पुन्हा तिथे गेले.

"घरी कुढत बसून ती परत येणार आहे का?" बंड्याचं म्हणणं.

वन्संनी त्याच्यासाठी एक संथ गाणं निवडलं.

सुरू झालं… तेच.

"ताई, ही काय चेष्टा?"

"मी नाही लावलं रे!"

बंद होईना. शेवटी बंड्याने भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला.

शांतता.

आणि मग… टेबलावर पडलेल्या माइकमधून कोणीतरी श्वास ओढला.

लांब. शीळ घालत.

चिमणी ज्या ओळीवर कोसळली होती, तिथून गाणं पुढे सुरू झालं. बारीक आवाजात. कुठेही न थांबता. पार शेवटच्या ओळीपर्यंत.

बंड्या केव्हाच पळाला होता. वन्संचे पाय उचलेनात.

गाणं संपलं. आणि तोच आवाज, अगदी लाडाने…

"ताई, माझं झालं. आता तुमच्या घरचं कोण?"

एवढं सांगून वन्संनी दिवाणाकडे पाहिलं.

"भास असेल हो वन्सं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला.

शीळ… बारीक, छातीतली.

लेक उठून बसली होती. या पोरीला आजवर साधा खोकलाही झाला नव्हता. तिने छातीवर हात ठेवला आणि धापा टाकत आईकडे बघितलं.

"आई… ती मावशी म्हणते, माझं गाणं तूच निवडायचंस… कुठलं निवडतेस?"