क्षोभांक चार

शेळ्यांना पाणी दाखवून कांताबाई दडस गोठ्याच्या पायरीवर टेकली आणि तिनं मोबाइलवर चित्र चढवलं. तिसऱ्यांदा. उत्तर यायला वेळ लागला नाही. क्षोभांक बहात्तर. चित्र नामंजूर.

पहिल्यांदा लाल बाण आड आला होता. लाल बाण बघणाऱ्याला भुलवतात म्हणे. बाण काढला तर रक्त आड आलं. फोटोतलं रक्त पुसलं तर 'उघडं अंग' म्हणून परत. शेळीचं अंग. कांताबाईला हसावं की बोंब ठोकावी कळेना. जन्मापासून उघडीच असलेल्या शेळीला आता काय परकर शिवायचा?

माण तालुक्यातल्या अकरा वाड्यांची ती पशुसखी, शेळ्यांची दुखणी-बाळंतपणं बघणारी आणि बायकांना ते शिकवणारी. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिक्षण शेळ्यांनी दिलं. तिचे व्हिडिओ 'दर्शिका'वर असत, कारण आता सगळ्यांचेच तिथं असत. व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसतं, त्या मुखचित्राची तपासणी यंदापासून 'पारखी' नावाची प्रणाली करायची. चित्र बघताना माणसांच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, हे लाखो लोकांवर मोजून ती शिकली होती. कुठलं चित्र बघून मन किती दचकेल ते ती आधीच आकड्यात सांगे. तोच क्षोभांक. वीसच्या वर गेला की चित्र बाद. पूर्वी नुसतंच बाद व्हायचं. आता खाली हिरवं बटण येई, 'निर्दोष करून देऊ?'

कांताबाईच्या लेखी व्हिडिओपेक्षा मुखचित्र मोठं. माळावर रेंज नसते. व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो, मुखचित्र तेवढं उमटतं. म्हणून ती अख्खा धडा त्या एका चित्रात बसवायची. या चित्रात नीट व्यायला लागलेली शेळी होती. आधी दोन पुढचे पाय, त्यांच्यावर टेकलेलं करडाचं नाक. कोपऱ्यात कांताबाईचा चेहरा, कारण बायका चेहरा ओळखून चित्र उघडत. वाड्यांतल्या बायकांच्या बैठकीत ती सगळ्यांना एकच सांगे. चित्राशी जुळतंय का बघा. जुळलं तर हात लावायचा नाही. जुळत नसेल तर हात धुऊन, हळू हातानं, चित्रासारखं करून घ्या.

शेळ्या व्यायचे दिवस तोंडावर आले होते. तिनं हिरवं बटण दाबलं. क्षोभांक चार. चित्र तिनं पाहिलं नाही असं नाही. आपला चेहरा दिसला, शेळी दिसली, करडू दिसलं. आपलंच चित्र माणूस दुसऱ्यांदा कुठं निरखून बघतं?

नवव्या दिवशी सकाळी पल्याडच्या वाडीतून नजमा मुलाणीचा फोन आला. कांताबाई स्कूटरवरून पोचली तेव्हा करडू गेलं होतं. शेळी अंग टाकून पडली होती, आतून फाटली होती. डॉक्टर आले, पण उन्हं कलायच्या आत तीही गेली. नजमाच्या हाताखाली तिचं हे पाचवं वेत. आधीची चारही बिनबोभाट झाली होती.

एवढं सगळं नीट असताना झालं काय, असं कांताबाईनं विचारलं. नजमानं ओढणीला हात पुसले.

"पाय आधी आलं, आक्का. दोन्ही. मागनं नाक. पण तुमच्या चित्रात पाय न्हवतं. म्हणून मी आत सारलं."

कांताबाईनं तिच्या हातातला मोबाइल घेतला आणि चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. शेळी जावळ काढलेल्या बाळासारखी स्वच्छ. तिच्या शेपटीखाली करडाचं एकटं डोकं, कोरडं, गुलाबी, डोळे उघडे आणि चक्क हसरं. पाय नव्हतेच. चिकट, ओल्या खुरांनीच बाहुल्या जास्त विस्फारत असणार, म्हणून पारखीनं ती पुसली होती. पाय मागं राहून नुसतं डोकं पुढं येणं ही शेळी अडण्याची सगळ्यात वाईट तऱ्हा. तिच्यावर 'निर्दोष'ची हिरवी खूण होती आणि शेजारी हसणारा कांताबाईचा चेहरा.

नजमाचं काही चुकलं नव्हतं. तिनं शिकवल्याबरहुकूम केलं होतं. शेळीनं सगळं बरोबर केलं होतं, तरी तिला चित्रासारखं करून घेतलं होतं.

कांताबाईनं तिथंच गोठ्यात व्हिडिओ काढून टाकला. चित्र गेलं नाही. निर्दोष केलेली मुखचित्रं दर्शिकाच्या मालकीची होतात, असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'शेळी अडली' असं शोधलं की पहिलं तेच येत होतं. बारा हजार जणांनी पाहिलं होतं, आणि अकरा वाड्यांत दोनशेवर शेळ्या गाभण होत्या.

दर्शिकाच्या तक्रार निवारण कक्षाला फोन लावला तर आधी चार यंत्रं गोड बोलली. पाचवा आवाज माणसाचा निघाला. ऋजुता नावाची मुलगी, पुण्याहून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. चुकीचं चित्र हटवता येतं, पण हे चुकीच्या व्याख्येत बसत नाही.

"मॅडम, बारा हजारांत एकाचाही क्षोभ वाढलेला नाही."

"शेळीचा मोजला का?"

पलीकडे कळफलक वाजला. मूळ चित्र पुन्हा लावायची सोय आहे का, असं कांताबाईनं विचारलं. नाही म्हणाली. त्यात रक्त आहे, ओला जीव आहे, तीन कलमांचा भंग होतो.

"तुझ्या आयशीनं तुला कोरडी काढली होती का गं?" कांताबाई म्हणाली. "जीव जन्मतो तो असाच जन्मतो. तुमाला बघवत नाही तर डोळं झाका. पण आमचं पाय पुसू नका. आणि पुसून वर माझं तोंड चिकटवू नका. त्या बाईनं माझ्या तोंडाकडं बघून आत हात घातला."

ती आणखी बरंच बोलली. बाया घरी शेळी राखतात म्हणून त्या अडाणी नसतात, हे सांगितलं. उद्यापासून अकराच्या अकरा वाड्या पायाखाली घालून दारोदार सांगणार आहे, चित्रावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा, हेही सांगितलं. तुमचं नावही घेणार, म्हणाली. ऋजुतानं अडवलं नाही. तक्रार नोंदवते, एवढंच म्हणाली. मग फोन ठेवायची वेळ झाली तरी तिनं ठेवला नाही.

"मॅडम, हे नोंदीत जाणार नाही," ती हळूच म्हणाली. "मला आठवा लागलाय. मी रोज दर्शिकावरचीच बाळंतपणाची चित्रं बघते. सगळी बाळं गुलाबी, पुसलेली. नाळ कुठंच दिसत नाही. मला वाटायचं, असंच असतं. खरं कसं असतं?"

कांताबाईचा राग गेला नाही, पण बाजूला सरकून बसला. बाळ निळसर असतं, पांढऱ्या चिकट साईनं माखलेलं असतं, डोकं लांबट होऊन येतं, नाळ जाड, पिळाची, धडधडणारी असते, रक्त असतं आणि घाबरायचं नसतं, असं तिनं एकेक करून सांगितलं. पलीकडे पेनाचा आवाज येत होता. ती लिहून घेत होती.

ते ऐकताना कांताबाईच्या मनात आलेलं तिनं विचारायचं नाही असं ठरवलं. मग विचारलंच.

"पोरी, तुला सोडवायला जी नर्स उभी राहील, ती कुठली चित्रं बघून शिकली असेल?"