सहा वर्षांतल्या अडतीस भाऊबिजा

वेंगुर्ल्याच्या अवकाशतळावरच्या विलगीकरण कक्षात उत्पला गोठोसकर आयुष्यातलं पहिलं विवरणपत्र भरायला बसली, तेव्हा पडद्यानं तिचं अभिनंदन केलं आणि प्रवासाला निघाल्यापासूनचं हे तिचं एकोणचाळिसावं विवरणपत्र असल्याचं कळवलं.

उत्पला भौतिकशास्त्रज्ञ होती. ‘तेजोवाहिनी’ यानातून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळून प्रवास करून ती कालच परतली होती. वय छत्तीस. कर ती पूर्वीही भरायची, पण फॉर्म भरणं हे धाकट्या भावाचं काम. निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला अधिकारपत्र लिहून दिलं होतं : माझी विवरणपत्रं माझ्या वतीनं भरावीत, मुदत सात वर्षं. या वेळी मात्र सुटका नव्हती. उतरलेल्या प्रवाशानं स्वतः करनिर्धारण केल्याशिवाय कक्षाचं दार उघडत नसे.

तो भाऊ काचेपलीकडे बसला होता. दिगंबर, निवृत्त करसल्लागार, वय सहासष्ट, दोन्ही गुडघे कृत्रिम.

“दिग्या, अडतीस कुणी भरली?”

“मीच. दुसरं कोण भरणार?”

“आणि केस कुठे गेले तुझे?”

“ते विवरणपत्रात विचारत नाहीत, ताई.”

दिगंबरशेजारी निर्धारण अधिकारी नसरीन मुल्ला बसल्या होत्या. त्यांनी फाइल उघडली आणि चष्मा पुसला. “मॅडम, आधी मला एक समजावून सांगा. इथे अडतीस वर्षं झाली. तुमची सहाच कशी?”

“सहा वर्षं दोन महिने. वेग प्रकाशाच्या जितका जवळ जातो, तितका प्रवाशाचा काळ इथल्यापेक्षा संथ चालतो. घड्याळ, हृदय, नखं, सगळंच. मला स्वतःला काही संथ वाटलं नाही. मी दोन हजार दोनशे बावन्न वेळा दात घासले.”

“म्हणजे फक्त सकाळी,” दिगंबर म्हणाला.

“यानातल्या काळाला आम्ही स्वकाल म्हणतो, इथल्याला भूकाल,” त्याच्याकडे न बघता उत्पला म्हणाली. “दोन्ही खरे. कुठलंच घड्याळ चुकलेलं नाही.”

“घड्याळ नसेल चुकलेलं,” नसरीनबाई म्हणाल्या, “पण तुमच्या भावाचं चुकलंय. अधिकारपत्राची मुदत सात वर्षं. त्यानंतरची एकतीस विवरणपत्रं त्यांनी अधिकार नसताना भरलीत. ती बाद धरावी लागतील.”

“मग बाद धरा. काय होईल?”

“सलग तीन वर्षं विवरणपत्र आलं नाही, तर करक्रमांक बंद होतो आणि करदाता मयत समजला जातो. म्हणजे तुम्हाला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली.”

उत्पलानं हातातलं बिस्किट खाली ठेवलं. “मयतासाठी हे दार उघडतं का?”

“नाही. मयताचं सामान मात्र नातेवाइकाला सही करून नेता येतं.”

“मी करतो सही,” दिगंबर म्हणाला.

“तुम्ही तुरुंगात असाल, गोठोसकर. खोटी पडताळणी, तीन वर्षं सक्तमजुरी.” हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, त्यांनी फाइल विनाकारण सरळ केली. “खरं सांगू का, तुम्ही सगळे रकाने शून्य ठेवले असते, तर कुणी बघितलंही नसतं. तुम्ही दरवर्षी एक रक्कम दाखवलीत. ‘भावाकडून भेट, करमुक्त.’ बाई अंतराळात आणि भेट घेतेय, म्हणून यंत्रानं फाइल बाजूला काढली.”

“कसली भेट?” उत्पलानं विचारलं.

दिगंबर गुडघे चोळू लागला. “ओवाळणी. भाऊबीज यायची ना दरवर्षी. तुझ्या खात्यात टाकायचो.”

“मग दाखवायची कशाला?”

“करमुक्त असली तरी दाखवावी लागते. लोकांना आयुष्यभर तेच सांगत आलो.”

नसरीनबाईंनी पान उलटलं. “बाविसाव्या वर्षी फक्त अकरा रुपये आहेत.”

“त्या वर्षी मालतीचं हॉस्पिटल होतं. जरा ओढाताण झाली.”

मालती ही भावजय, हे उत्पलाला कालच कळलं होतं. ती आता नाही, हेही. तिनं खुर्ची काचेजवळ ओढली.

“मुदत संपली हे तुला माहीत होतं?”

“सल्लागार आहे मी.”

“तरी भरत राहिलास.”

“तू जिवंत होतीस ना. एका फॉर्मापायी तुला मयत कसं निघू देऊ?”

नसरीनबाईंनी हळूच सांगितलं की निदान उत्पन्नाचा रकाना भरून घेऊ, निकाल शेवटी देता येईल. पगार : सहा वर्षं दोन महिन्यांचा.

“अडतीस वर्षांचा नाही?” उत्पलानं विचारलं.

“नाही. अंतराळप्रवासी कायदा, कलम नऊ. ‘प्रवाशाच्या सर्व मुदती प्रवाशाच्या स्वकालानुसार मोजाव्यात.’ खजिन्यावर भार पडू नये म्हणून केलंय.”

“पगारापुरतंच?”

“नाही, लिहिलंय ‘सर्व मुदती’.”

“मग अधिकारपत्र कुणी दिलं होतं?”

“तुम्ही.”

“म्हणजे मुदत माझी. आणि माझ्या घड्याळात किती झाली?”

नसरीनबाईंनी कलम दोनदा वाचलं, मग एकदा बोट ठेवून वाचलं. “सहा वर्षं दोन महिने,” त्या म्हणाल्या. “अधिकारपत्र अजून दहा महिने चालू आहे.”

दिगंबरचा चेहरा पडला. “मी ते पगाराचं कलम समजून कधी वाचलंच नाही. एकतीस वर्षं दर जुलैमध्ये रक्तदाब वाढवून घेतला, ताई.”

“आता उतरव,” उत्पला म्हणाली.

“एक अडचण आहे,” नसरीनबाई टंकता टंकता म्हणाल्या. “तुमच्या सहा वर्षांत अडतीस विवरणपत्रं आली. जास्तीची बत्तीस मी सुधारित म्हणून घेते. पण सहा वर्षांत अडतीस भाऊबिजा झाल्या, असंही नोंदवावं लागेल.”

“नोंदवा. झाल्याच आहेत. मी आले नाही, एवढंच.”

पडद्यानं पुढचा प्रश्न विचारला : आपल्यावर अवलंबून असलेले ज्येष्ठ नागरिक? उत्पलानं दिगंबरचं नाव लिहिलं.

“ए, मी कुणावर अवलंबून नाही,” तो काचेवर टकटक करत म्हणाला.

“आता राहा. अडतीस वर्षं मी राहिले.”

सल्लागाराला नियमात उत्तर सापडलं नाही की तो नाक पुसतो. त्यानं तेच केलं.

नातं : धाकटा भाऊ. वय : सहासष्ट. करदात्याचं वय : छत्तीस. पडदा लाल झाला. ‘धाकट्या भावाचं वय करदात्यापेक्षा जास्त असू शकत नाही. कृपया “थोरला” निवडा.’

“थोरला टाक, जाऊ दे,” दिगंबर म्हणाला. “दार तर उघडेल.”

“खोटं कशाला लिहू? धाकटाच आहेस तू.”

दोघांनी नसरीनबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या. आधी काचेपलीकडच्या ताईला नीट निरखून पाहिलं, मग शेजारच्या धाकट्या भावाला. मग खाली बसून अधिकाऱ्याच्या शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : ‘असू शकतं. दोघांना समक्ष पाहिलं.’