चौथ्या पायरीवर अडकलेला माणूस

टिण्ऽऽ…

टेबलाच्या कडेवरून एक बारीकशी स्प्रिंग फरशीवर पडली आणि दोन उड्या मारून थेट तिच्या चपलेपाशी येऊन थांबली. चार मिनिटं त्या खोलीत कुणी चकार शब्द काढला नव्हता. तो मोबाइलच्या पडद्याकडे टक लावून बसलेला, ती त्याच्या मागच्या खुर्चीत, मांडीवर फॉर्म घेऊन. स्प्रिंग उचलायला दोघंही एकदमच वाकले… आणि कपाळावर कपाळ आपटलं.

"आई गं!" ती कळवळली.

"लागलं का हो?" तो वळून म्हणाला.

ती काही बोलणार, एवढ्यात तिला नियम आठवला. चाचणी चालू असताना निरीक्षकाने बोलायचं नाही. तिने नुसती मान हलवली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ओठ मिटले, हसू मात्र काही केल्या मिटेना.

तिचं कामच मुळी असं होतं. घरोघरी वायफाय पुरवणाऱ्या राउटरच्या खोक्याबरोबर तिच्या कंपनीचं जे सॉफ्टवेअर यायचं, ते आजवर लोकांना चौदा प्रश्न विचारून रडकुंडीला आणत असे. आता त्याच्या जागी नवं, सोपं सॉफ्टवेअर तयार होत होतं. फक्त पाच पायऱ्या. ते खरंच सोपं आहे का, हे बघायला ती लोकांच्या घरी जायची, खोकं त्यांच्या हातात द्यायची आणि मागे बसून लिहायची. मदत करायची नाही, डोळ्यानेही खुणवायचं नाही, पाण्याचा पेलासुद्धा घ्यायचा नाही. फॉर्मच्या तळाशी पाच चेहरे छापलेले होते: आनंद, गोंधळ, वैताग, कंटाळा आणि धक्का. माणसाचा चेहरा बघून त्यांतल्या एकावर खूण करायची.

ऑफिसात तिला सगळे फॉर्मबाई म्हणत. लेकीच्या, भिंगरीच्या जन्मानंतरची ही तिची पहिली नोकरी. सहा महिने कच्ची, आणि मग या फॉर्मांच्या भरवशावर कायम व्हायची. भिंगरीचे बाबा दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. ते शेवटच्या दिवसापर्यंत "सगळं ठीक आहे" म्हणत राहिले. तेव्हापासून तिने एक गाठ मारून ठेवली होती: जे दिसतं तेच लिहायचं, खोटं एक अक्षर नाही.

आणि दिसायचं काय? तर धक्का! घराघरांतून नुसता धक्का. पाचवी पायरी झाली की पडद्यावर हिरवी खूण उमटायची, आणि लोक आ वासून बघत बसायचे.

"झालं? एवढंच?"

"अहो, काहीतरी राहिलंय. इतक्यात कसं होईल?"

एका निवृत्त मास्तरांचा तर विश्वासच बसेना. त्यांनी वायर उपटली आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा हिरवी खूण. मास्तर चष्मा पुसत हळूच म्हणाले, "तीन वर्षं या खोक्यासाठी जावयाला बोलावत होतो. लेकही यायची बरोबर. आता कुठल्या निमित्तानं बोलावू?"

त्या दिवशी कुठल्या चेहऱ्यावर खूण करावी, तिला कळेना.

आणि मग हा. वापरकर्ता क्रमांक सतरा. तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि तिथेच शिलाई मशीनं दुरुस्त करायचा, म्हणून सगळ्यांचा मशीनवाला. खोलीभर उघडी पडलेली मशीनं, तेलाचा मंद वास, खिडकीतल्या उन्हात चमकणाऱ्या सुयांच्या डब्या. केसाएवढे स्क्रू चिमटीत धरणारी त्याची बोटं चौथ्या पायरीवर येऊन थिजली. 'पासवर्ड टाका', एवढंच पडद्यावर लिहिलेलं. कुठला पासवर्ड, तो कुठे असतो, काही पत्ता नाही.

"आता?" त्याने वळून विचारलं.

तिने छताकडे बघितलं.

"तिथे लिहिलाय का?"

तिने पेन तोंडावर धरलं. सात मिनिटांनी वेळ संपली आणि तिने 'गोंधळ'वर खूण केली. आता बोलायला हरकत नव्हती.

"नापास ना मी?"

"चाचणी तुमची नाही, आमच्या सॉफ्टवेअरची आहे."

"असेल. पण चेहरा माझा पडला ना!" तो कपाळ चोळत हसला. "आम्हाला दोऱ्याचं सगळं कळतं बाई. हे बिनदोऱ्याचं प्रकरण अवघड."

महिन्याभराने ती नवी आवृत्ती घेऊन परत गेली. दार उघडून तो बघतच राहिला.

"तुम्ही? परत?"

"अडकलेल्यांकडेच परत येतो आम्ही," ती म्हणाली.

"असं होय…"

चौथ्या पायरीवरची अक्षरं आता मोठी केलेली होती. तो पुन्हा तिथेच अडकला. बिचारा, तिला वाटलं. घरी जाताना बसमध्ये आपण अजून त्याच्याच बोटांचा विचार करतोय, हे लक्षात आलं आणि ती एकटीच दचकली.

तिसऱ्या खेपेला भिंगरीच्या पाळणाघराला सुट्टी होती. नाइलाजाने तिला बरोबर न्यावं लागलं. पाच वर्षांची भिंगरी, पण चाचणी सुरू होईपर्यंत तिने मशीनवाल्याला अख्खं घरदार सांगून टाकलं. चाचणी सुरू झाल्यावर मात्र तोंडावर बोट ठेवून बसली. या वेळी चौथ्या पायरीवर एक लाल बाणही होता. मशीनवाला बाणाकडे बघत राहिला… बघत राहिला… आणि सात मिनिटं संपली.

"घरी शिलाई मशीन आहे म्हणे तुमच्याकडे?" खोकं परत देताना तो म्हणाला.

"आहे. टीप सैल येते. खालून दोऱ्याचे फास पडतात."

"आणा की. नाहीतर मी येऊन बघतो."

"नाही जमायचं. वापरकर्त्याकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"फारच नियम आहेत तुमचे, फॉर्मबाई."

ती चमकली. "हे नाव तुम्हाला कुणी—"

भिंगरी सुयांच्या डबीत तोंड खुपसून बसली होती.

ऑफिसच्या प्रमुख मोठ्या बाईंनी सतरा नंबरचे तिन्ही फॉर्म टेबलावर पसरले. "एक माणूस तीन वेळा एकाच जागी अडकतो म्हणजे दोष त्याचा नाही, आपला," त्यांनी ठणकावून सांगितलं. आणि चौथी पायरी मुळापासून बदलली. आता तिथे एक चित्र आलं. उलटं केलेलं खोकं, आणि तळाशी चिकटवलेल्या पासवर्डभोवती गोल.

हे चित्र घेऊन ती पहिल्यांदा गेली एकेचाळीस नंबरकडे. त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी. आजींनी चित्र बघितलं, खोकं उलटं केलं, एकेक अक्षर मोठ्यांदा वाचत टाइप केलं. अडीच मिनिटांत हिरवी खूण!

"अगं बाई!" आजींचा हात गालावर गेला. "मी केलं? माझं मी?"

'धक्का'वर खूण करताना तिलाच भरून आलं. म्हणजे तिचे फॉर्म खरे ठरले. मशीनवाला अडकला म्हणून तर आजी सुटल्या. हे त्याला जाऊन सांगायला हवं… जिना चढायला निमित्त मिळालं या आनंदात तिने मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेला कागद तिला दिसला.

'घाबरायचं नाही. १. वायर लावा. २. खोकं उलटं करा. पासवर्ड तळाशी चिकटवलेला असतो. ३. पडदा काहीही विचारू दे, आपण 'पुढे' दाबत राहा. ४. तरी नाही झालं तर काठीने छतावर ठोका. मी येतो.'

'तळाशी'मधल्या 'ळ'ला बॉबिनवर दोरा गुंडाळावा तसे दोन वेढे होते. असाच 'ळ' तिने सतरा नंबरच्या तिन्ही फॉर्मांवर, वापरकर्त्याने स्वतः लिहायच्या शेऱ्यात बघितला होता.

"आजी… हे कुणी लिहिलं?"

"वरच्या मशीनवाल्यानं. जुनं सॉफ्टवेअर होतं ना, तेव्हा अख्ख्या इमारतीतली अकरा खोकी त्यानंच लावून दिली. डोळे मिटून लावतो हो! मी नेहमी त्या पासवर्डापाशीच अडकायची. का गं? बोलावू?"

आणि ती नको म्हणायच्या आत आजींनी काठी उचलून छतावर तीनदा ठोकली.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. "आलो आजी, आलो! पुन्हा पासवर्ड—"

दारात तो तिला बघून जागच्या जागी थिजला. तिचं बोट भिंतीवरच्या त्या कागदावर.

आजींनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि टेबलावरच्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा आ वासलेला चेहरा आहे ना, त्यावर दोन खुणा कर गं."

ती तडक जिन्यात गेली. तो मागोमाग.

"पहिल्यांदा तुम्ही खरंच अडकलात, की तेही नाटक?"

"पहिल्यांदा खरंच! शप्पथ. ती टक्कर झाली, आणि तुम्ही अशा मागे बसलेल्या… बोटंच चालेनात."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा तुम्ही दारातच म्हणालात, अडकलेल्यांकडेच परत येतो. मग आजी जिथे अडकतात, तिथे अडकलो. अगदी त्यांच्यासारखाच."

"तिसऱ्यांदा?"

त्याने मान खाली घातली. "भिंगरी म्हणाली, पास झालेल्यांकडे आई कधीच परत जात नाही."

तिच्या गालांवर ऊन चढलं. पण लगेच आवाजही चढला. "तुम्हाला गंमत वाटली. माझी नोकरी या कागदांवर आहे! ते खोटे, म्हणजे मी खोटी. मला खोटं चालत नाही हो… खूप झालंय माझं खोटं ऐकून."

त्याचा चेहरा उतरला. ती जिना उतरली, एकदाही मागे न बघता. म्हणजे, एकदाच बघितलं. तो तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेली ती थेट मोठ्या बाईंच्या टेबलापाशी. "मोठ्या बाई, सतरा नंबरचे तिन्ही फॉर्म बाद करा. तो माणूस…"

मोठ्या बाईंनी हात वर केला आणि एक कागद तिच्याकडे सरकवला. "सकाळी दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसला होता. हे देऊन गेला."

'१. पहिली खेप खरी. पुढच्या दोन खोट्या, आणि चूक सगळी माझी. २. बाईंनी मला एकदाही मदत केली नाही. मी पुष्कळ खुणावून बघितलं. ३. आजींनी मला दाखवलेलं ते चित्र मात्र काढून टाकू नका. आजींना लागतं.'

ती कागदाकडे बघतच राहिली. 'मदत केली नाही'मधल्या 'नाही'खाली त्याने दोन जाड रेघा मारल्या होत्या.

"पंचवीस वर्षांत असला वापरकर्ता बघितला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. हसू त्यांनी गालातल्या गालात दाबलं होतं. "चित्र राहील. फॉर्म तिन्ही बाद, त्यांच्या जागी तीन नवी घरं कर. तुझं कायम होणं महिनाभर पुढे गेलं."

"चालेल," ती म्हणाली. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

"आणि हे बघ…" मोठ्या बाईंनी सतरा आकड्यावर तांबडी रेघ मारली. "तो आता आपला वापरकर्ता नाही. म्हणजे त्याला आपले नियमही लागू नाहीत. लक्षात येतंय का काही?"

लक्षात यायला तिला पाच दिवस लागले. शनिवारी दुपारी तिने फोन लावला.

"शिलाई मशीन दुरुस्तीला घरी येता का तुम्ही?"

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. बहुतेक सुयांची अख्खी डबी.

"येतो," तो कसाबसा म्हणाला. "उद्या येतो. फॉर्मबाई… रागावलायत अजून?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"थोडी."

रविवारी तो आला, तो भांग पाडून, आणि हत्यारांची पेटी छातीशी धरून. खिडकीपाशी बसला. त्याने बॉबिनची डबी काढली, तिच्यातली धूळ फुंकली, आतला एवढासा स्क्रू अर्धा वेढा फिरवला. मागच्या खुर्चीत आज भिंगरी बसली होती. मांडीवर जुना कोरा फॉर्म, हातात पेन, तोंडावर बोट.

"त्या कागदावर," ती हळूच म्हणाली, "चौथा मुद्दा नव्हता. आजींकडच्या कागदावर होता."

त्याचा हात थांबला. "होता. लिहिला आणि तेवढी पट्टी फाडून टाकली. तो मोठ्या बाईंना सांगायचा नव्हता."

"मग कुणाला?"

"तुम्हाला." त्याने मान वर केली. कानांच्या पाळ्या लालबुंद. "मला तुम्ही आवडता. एवढंच. खोटं जे होतं, ते त्या तीन मुद्द्यांत कबूल केलंय. यात एक अक्षर खोटं नाही."

उत्तर ओठांवर आलं… आणि तिथेच अडकलं.

मग गुमान कापडाचा तुकडा सुईखाली सारून त्याने चाक फिरवलं. टक्‌टक्‌टक्‌टक्… टीप सरळ, घट्ट, पट्टीने आखल्यासारखी. कापड उलटं करून त्याने दाखवलं. खाली एकही फास नाही.

"झालं," तो म्हणाला. आवाज पडलेला. पेटीत हत्यारं भरू लागला. "आता बरीच वर्षं बघायला लागणार नाही. निघू मी?"

तिने तो तुकडा हातात घेतला. वरून बघितला, खालून बघितला, उजेडात धरून बघितला.

"नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"टीप अजून सैल येतेय. पुढच्या रविवारी परत यावं लागेल." ती क्षणभर थांबली. "त्याच्या पुढच्याही."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पेटीत पडला. तोंडाचा गोल गोल आ झाला, अगदी छापलेल्या चेहऱ्यासारखा. भिंगरीने लगेच वाकून 'धक्का'वर ठसठशीत खूण केली. मग खुर्चीवरून उतरून आली, आईच्या हातातला तुकडा ओढून घेतला, दोन्ही बाजूंनी नीट निरखून बघितला.

"पण आई," ती म्हणाली, "टीप तर छान आलीय. मग तू 'नाही' का म्हणालीस?"