हो-नाहीच्या भिंती

त्याने माझ्या तोंडावर बसचं दार लावलं, तिथून हे सगळं सुरू झालं. आणि संध्याकाळी तोच ड्रायव्हर माझ्या वर्गात—ओला कोट हातावर घेऊन!

"सकाळी दार का लावलंत?" मी विचारलंच.

"बाई, तुम्ही पायरीवर पाय ठेवत होता, मागे घेत होता. वाटलं—तुमचं ठरत नाहीये."

आगाऊ कुठला! पण खोटं नव्हतं. माझं काही म्हणजे काही ठरत नाही. आई म्हणते, तुझं लग्न ठरेपर्यंत माझे दात पडतील.

देशोदेशींहून आलेल्यांना इथलं नागरिकत्व मिळण्याआधी माझा वर्ग करावा लागतो. मी एक विधान वाचते. पटलं तर 'हो'च्या भिंतीशी जायचं, नाही तर समोरच्या 'नाही'च्या. मग वाद घालायचा, आणि मत बदललं तर खुशाल भिंत बदलायची. 'शेजाऱ्याचं गाणं कळलं नाही तरी सोसावं'—एवढं म्हटलं की रणकंदन! वर्गातली शिंपीणआजी मात्र कायम 'नाही'कडे, कारण हीटर तिथे होता.

"तुमची भिंत कोणती, बाई?" तो दर वेळी विचारायचा.

"शिकवणाऱ्याने मध्येच राहायचं असतं."

"सोयीचं आहे," तो हसायचा. माझ्या हातातला खडू मोडायचा. घरी गेल्यावरही ते हसू पाठ सोडायचं नाही—पुस्तक उघड, मिट, खिडकीशी जा, परत ये...

शेवटच्या तासाला विधान विद्यार्थी मांडतात. तो उठला. आज हसत नव्हता.

"मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. उद्या कळवायचंय. विधान असं—मी इथेच राहावं."

सगळा वर्ग 'हो'कडे धावला. आजीसुद्धा कुरकुरत उठली.

"पोरी, मी हीटर सोडला," ती तिकडून ओरडली. "तू कसली वाट बघतेस?"

मी मध्ये एकटी. तो दाराशी, माझ्याकडे बघत. हा गेला तर... नको, जायला नको! मला तो हवा होता, आणि हे मला कधीचं ठाऊक होतं.

मी चालू लागले. 'हो'च्या भिंतीला पाठ टेकली.

तो हळूच जवळ आला. "दोन्ही पाय?"

"दोन्ही," मी म्हणाले.